दोन इंच उंच जिम्नी आणि मोकळी पडणारी मागची स्प्रिंग: लिफ्ट किटचा वापरानंतरचा अनुभव

"शॉकअप लांब दिलेत, स्प्रिंगला वेगळं काही धरायला लागत नाही." माझी मारुती जिम्नी दोन इंच उंच करायला लिफ्ट किट, म्हणजे स्प्रिंग आणि लांब शॉकअपचा संच, घ्यायच्या आधी मी विचारलं तेव्हा विक्रेत्यानं हे सांगितलं. पुढं मागची स्प्रिंग निसटल्यावर फोटो पाठवून विचारलं तेव्हाही हेच सांगितलं, आणि वर "तुम्ही गाडी जास्तच तिरकी घातली असणार" हे जोडलं. गाडी तिरकी जावी म्हणूनच लोक लांब शॉकअप घेतात. या उत्तराचा मला मनापासून राग आलाय, कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही. कोल्हापुरात आता उंच केलेल्या जिम्नी बऱ्याच दिसतात. पार्किंगमध्ये वाकून मागचा एक्सल बघायची मला आता सवय लागलीय, आणि स्प्रिंग धरून ठेवायला काही लावलंय असं क्वचितच दिसतं.

किटची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरीच चांगली आहे. आमचं शेत मुख्य रस्त्यापासून पाणंदीनं आत आहे. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी आहे आणि रॅम्प ब्रेकओव्हर अँगल (पोट न घासता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंश, म्हणजे पोट घासायची अडचण मुळातच आहे. दोन इंचांनी ती जवळजवळ संपली. बांधावरून उतरताना पुढचा बंपरही आता लागत नाही. मात्र लिफ्टनं चेसिस वर जाते, एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा जिथं होता तिथंच राहतो. तो वर घ्यायचा तर मोठे टायरच घालावे लागतात. मी कंपनीच्या १९५/८० आर १५ वरच आहे आणि राहणार आहे.

हायवेवर, म्हणजे पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, गाडी थोडी जास्त झुलते. लिफ्टनं पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा मागं असलेला कल, कमी होऊन स्टिअरिंग सैल वाटायला लागतं, पण तो कल भरून काढणारे ऑफसेट बुश (मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे) किटमध्ये होते आणि ते उत्तम निघाले. मागचा एक्सल पॅनहार्ड रॉडमुळं, म्हणजे त्याला आडवा धरणाऱ्या दांड्यामुळं, किंचित एका अंगाला सरकतो. डोळ्यांना दिसतो, चालवताना जाणवत नाही. मऊपणाच्या बाबतीत तक्रार नाही. गगनबावड्याच्या वाटेवर पावसाळ्यानंतर जे खड्डे होते, ते या शॉकअपनी मूळच्या शॉकअपपेक्षा नक्कीच चांगले पचवले.

आता मागच्या स्प्रिंगकडे येतो. चाकोरीतून बांधावर चढताना मागचं उजवं चाक लोंबकळलं. पुढं गेल्यावर गाडी खाली बसली आणि खाडकन आवाज आला. उतरून बघतो तर गाडी उजवीकडं झुकलेली. स्प्रिंगचं वरचं टोक बैठकीतून बाहेर येऊन कडेवर टेकलं होतं, रबरी सीट चिरडली होती, आणि ब्रेकचा होज पाइप स्प्रिंगपासून जेमतेम बोटभर लांब होता. शेजारच्या शेतातल्या काकांनी पहार आणली. चेसिस जॅकवर घेतली, चाक लोंबकळू दिलं आणि पहारीनं स्प्रिंग ढकलून जागेवर बसवली. शेतात होतं म्हणून निभावलं. अशी तिरकी बसलेली स्प्रिंग घेऊन कुणी नकळत हायवेला लागला आणि होज कापला, तर काय होईल याचा विचारसुद्धा करवत नाही.

हे का होतं ते विक्रेत्यानंच समजावून सांगायला हवं होतं. जिम्नीला पुढं-मागं अखंड एक्सल आहे आणि स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली नसून वेगळी बसते. तिला जागेवर ठेवतो तो फक्त दाब. कंपनीचा शॉकअप अशा लांबीचा असतो की चाक पूर्ण खाली गेलं तरी स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहते. किटवाल्यांनी शॉकअप लांब केला, पण स्प्रिंगची मोकळी लांबी, म्हणजे दाब नसतानाची, त्या प्रमाणात वाढवली नाही. मग चाक खाली जाताना एका टप्प्यावर स्प्रिंग पूर्ण उलगडते आणि शॉकअप मात्र उघडतच राहतो.

कडक स्प्रिंग घेतली तर हे आणखी लवकर होतं. समजा मागच्या एका स्प्रिंगवर २५० किलो वजन येतं. स्प्रिंग मिलिमीटरला अडीच किलोची, म्हणजे एक मिलिमीटर दबायला अडीच किलो लागणारी, असेल तर ती १०० मिमी दबलेली असते, म्हणजे चाक १०० मिमी खाली जाईपर्यंत स्प्रिंगमध्ये जीव असतो. तीच स्प्रिंग साडेतीन किलोची घेतली तर ती साधारण ७१ मिमीच दबते. उभ्या गाडीची उंची तीच, पण स्प्रिंग जवळपास ३० मिमी आधीच मोकळी पडणार. मागं रूफ टेंट, पाण्याच्या टाक्या, जास्तीचं सामान कायम नसेल तर 'हेवी' स्प्रिंग घेऊन पैसे वाया घालवू नका. मला दुकानात हेवीच घ्या म्हणून आग्रह झाला होता. मी मीडियम घेतली, तरी ही गत झाली.

तुमच्या गाडीचं तपासायचं असेल तर पैसे लागत नाहीत. एक मागचं चाक विटांवर किंवा उतारावर चढवा, दुसऱ्या बाजूला चेसिसखाली जॅक लावून ते चाक पूर्ण लोंबकळू द्या, आणि हातानं स्प्रिंग फिरवून बघा. फिरली तर ती मोकळी आहे. नुसती दोन्ही चाकं एकदम उचलून हा अंदाज पुरा येत नाही, कारण एक वर आणि एक खाली असताना अखंड एक्सल तिरका होतो आणि स्प्रिंग वाकून एका कडेनं आधी सुटते. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका.

यावरचे उपाय मी एकेक करून बघितले. झिप टायनं (प्लॅस्टिकच्या पट्टीनं) स्प्रिंग बांधायचा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळाला. चिखल आणि वाकलेल्या वेटोळ्याच्या घर्षणात ते तुटले, त्यावर जास्त लिहायची गरज नाही. एक फॅब्रिकेशनवाला एक्सलवरच्या वाटीला, म्हणजे स्प्रिंगच्या खालच्या बैठकीला, स्प्रिंग वेल्डनं टाचून देतो म्हणाला. तसं चुकूनही करू नका. स्प्रिंगचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. वेल्डची उष्णता लागली की त्या जागी ते ठिसूळ होतं, आणि एक दिवस बरोबर तिथंच तुटतं. एक्सलच्या नळीलाही मनाला येईल तिथं वेल्ड मारू नये, नळी ओढली जाते.

शेवटी कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, शिवाजी उद्यमनगरात, गेलो. तिथल्या एका जुन्या टर्नर मामांनी स्प्रिंग हातात फिरवून बघितली, खालच्या वेटोळ्याची गोलाई पत्र्यावर उतरवून घेतली आणि ६ मिमीच्या पट्टीतून पकड बनवून दिली. वाटीच्या ओठाखालून ती धरते आणि शेवटच्या वेटोळ्याला वरून दाबते. १० मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. कडा त्यांनी स्वतः घासून गोल केल्या, कारण धारदार कड स्प्रिंगचा रंग खरवडते, तिथं गंज धरतो आणि गंजाच्या खळगीतून तडा सुरू होतो. मी वरच्या टोकालाही अशीच पकड मागितली. मामा म्हणाले, "दोन्हीकडनं बांधू नका मालक. शॉकअप उघडला की स्प्रिंग ताणली जाईल, मग बोल्ट तरी तुटंल न्हाईतर वाटी फाटंल. एक अंग मोकळं पायजे." डाव्या-उजव्या दोन्ही स्प्रिंगचं काम मजुरीसकट हजाराच्या आत झालं. किटला मी चाळीस हजारांच्या घरात मोजले होते.

ही काही उद्यमनगरात निघालेली नवी युक्ती नाही. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या मागच्या स्प्रिंगला खालच्या बाजूला कंपनीकडूनच अशी बोल्टची पट्टी यायची. म्हणजे हे माहीत असलेलं, जुनं, स्वस्त काम आहे, आणि तरी किटच्या खोक्यात ते नव्हतं.

पावसाळ्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पट्टी लावा आणि निर्धास्त व्हा. आता तसं म्हणणार नाही. खालचं टोक पक्कं झालं, पण वरचं टोक सुटायचं थांबलं नाही. ते सुटून परत येताना दर वेळी जागेवर येईलच असं नाही. मसाई पठाराच्या बाजूला एका दगडी चढावर ते पुन्हा कडेवर बसलं. म्हणून मामांकडूनच नायलॉनच्या जाड बारमधून दोन शंकू कातून घेतले आणि वरच्या बैठकीत बोल्टनं बसवले. टोक खाली, स्प्रिंगच्या पोटात. आता स्प्रिंग सुटली तरी वर येताना शंकूवरून घसरत आपसूक मध्यावर बसते. इथपर्यंत आल्यावर बरेच जण थांबतात. मीही काही आठवडे तसाच फिरलो, आणि स्प्रिंग एकदाही चुकीची बसली नाही.

पण खालून व्हिडिओ काढून बघितला तेव्हा दुसरीच गोष्ट लक्षात आली. स्प्रिंग सुटल्यानंतर चाक जे आणखी खाली जातं, त्या चाकावर दाब कशाचा असतो? चाकाचं आणि एक्सलचं स्वतःचं वजन, बस्स. ते जमिनीला टेकलेलं दिसतं, फोटोत छान येतं, पण जमिनीवरची पकड जवळपास शून्य. चाक जागच्या जागी फिरतं, मग ब्रेक एलएसडी, म्हणजे अशा चाकाला आपोआप ब्रेक लावणारी गाडीतली यंत्रणा, त्याला आवळून दुसऱ्या चाकाला ताकद देते. म्हणजे स्प्रिंग मोकळी पडल्यानंतरची जी लांबी विकत घेतली, तिच्यातून चढायला फारसं काही मिळत नाही, आणि होज, एबीएसची वायर, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट यांच्यावरचा ताण मात्र वाढतो. हे कळल्यावर माझं मत पूर्ण बदललं. लांबी वाढवून मग ती सांभाळायला पट्ट्या आणि शंकू करत बसण्यापेक्षा, स्प्रिंग थोडी दाबलेली असतानाच चाक थांबवणं हेच बरोबर.

त्यासाठी दोन्ही बाजूंना लिमिट स्ट्रॅप लावले, चेसिसपासून एक्सलपर्यंत, जाड विणलेल्या पट्ट्याचे. पट्टा ताणला की थोडा वाढतो, म्हणून स्प्रिंग जिथं मोकळी पडते त्याच्या थोडं आधीच्या मापावर बांधला. एक्सलच्या मधोमध एकच स्ट्रॅप लावला तर दोन्ही चाकं एकदम लोंबकळताना तो थांबवतो, पण एकच बाजू खाली गेली तर त्याचा फारसा उपयोग नाही. आपली अडचण नेमकी एका बाजूची असते. खालच्या पट्ट्या मी काढलेल्या नाहीत. स्ट्रॅप तुटलाच तर स्प्रिंग धरायला काहीतरी पाहिजे. आजपासून सुरुवात करणार असाल तर स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीशी जुळणारा शॉकअपच मागा. दुकानात शॉकअपची पूर्ण उघडी लांबी आणि स्प्रिंगची मोकळी लांबी हे दोन आकडे लेखी घ्या. ते देता येत नसतील तर पैसे खिशातच ठेवा.

कायद्याचंही एक बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. विमा कंपनीशी आधी बोलून घ्या.

विक्रेत्याकडं मी पैसे परत मागितलेले नाहीत. यापुढं जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात दोन पट्ट्या आणि चार बोल्ट घाला, आणि ते दोन आकडे खोक्यावर छापा, एवढं लिहून पाठवलंय. मामांनी बनवलेल्या पट्टीचं मापही सोबत जोडलंय, फुकट. विक्रेत्यानं निरोप वाचलाय, उत्तर अजून दिलेलं नाही.