तेल वाहतं करायला कोणता पंप?

मैत्रिणीला फिरत्या पात्याविना, नुसत्या विद्युतक्षेत्राने ट्रान्सफॉर्मरचं तेल वाहतं करायचंय. आयन-ओढ पंप करावा की वहन-पंप, यात ती अडकलीय.

तेल ढकलण्याच्या जोरात आयन-ओढ पंप सरस. सुईसारख्या इलेक्ट्रोडवरून प्रभार थेट तेलात शिरतो आणि पुढे ढकलला जाताना आजूबाजूचं तेल ओढून नेतो. स्टुट्झर या संशोधकाने हे १९५९ मध्ये मांडलं. पण सुईचं टोक झिजतं, तेल बिघडतं. मला हा दोष फार मोठा वाटतो.

वहन-पंपात प्रभार बाहेरून येत नाही. तेलातलेच काही रेणू फुटून आयन होतात, विरुद्ध इलेक्ट्रोडजवळ त्यांचे थर साचतात. इलेक्ट्रोड असमान असले की तेल एकाच दिशेला सरकतं. दाब कमी, पण तेल शाबूत.

व्होल्टेज दोन्हींना किलोव्होल्टमध्ये, वीज मात्र अगदी थोडी.

वर्गात पाच मिनिटं दाखवायचं असेल तर सुई लाव. तेल फिरवून एखादं उपकरण महिनोन्महिने थंड ठेवायचं असेल तर वहन-पंपच कर.