तांबे-निकेलचा नमुना आधी कुठे न्यायचा: एक्सपीएसला की इंदूरच्या सिंक्रोट्रॉनला?

मिश्रधातूवर पीएचडी सुरू केलेली मुलं हे हमखास विचारतात. यंत्र निवडायच्या आधी एक ठरवा: इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्या बघायच्यात की रिकाम्या?

भरलेल्या बघायच्या असतील तर एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून केलेली फोटोएमिशन मोजणी. अॅल्युमिनियमच्या स्रोतातले १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण नमुन्यावर पडतात, सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. तांबे-निकेलमध्ये याचं मोल फार मोठं आहे. जुन्या समजुतीप्रमाणे मिश्रधातूत दोन्ही धातूंचा डी-पट्टा (डी-इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांचा पट्टा) एकच. तांब्याचे जादा इलेक्ट्रॉन निकेलच्या दर अणूमागच्या सुमारे ०.६ रिकाम्या जागा भरतात, म्हणून ६० टक्के तांब्याच्या आसपास चुंबकत्व संपतं. हिशेब छान जुळायचा. पण फोटोएमिशनमध्ये निकेलच्या डी-पातळ्या फर्मी पातळीला (भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या टोकाला) चिकटूनच दिसल्या, तांब्याच्या मात्र सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट खालून सुरू झाल्या. एका पट्ट्याची कल्पना तिथेच मोडली. हे आपल्याच नमुन्यात उमटताना बघणं, यासारखा आनंद नाही.

अडचण पृष्ठभागाची. एक्सपीएसला वरचे ५-१० नॅनोमीटरच दिसतात. माझा आरशासारखा घासलेला नमुना आत गेला आणि पडद्यावर आधी ऑक्सिजन आणि कार्बन हजर! आर्गनच्या आयनांचा मारा करून खरवडलं तर तांबं निकेलपेक्षा लवकर उडालं आणि पृष्ठभागावर निकेलचं प्रमाण वाढलं. ज्या प्रमाणाचा अभ्यास करायचा, तेच बदललं. शेवटी निर्वातातच कानशीने घासून ताजा पृष्ठभाग काढला. निकेलची मुख्य रेषा ८५२.६ वर आणि तिच्यापासून सुमारे ६ इलेक्ट्रॉनव्होल्टवरचा छोटा उपग्रह (मुख्य रेषेची सोबतीण रेषा) तेव्हा कुठे स्वच्छ दिसला.

रिकाम्या पातळ्यांसाठी क्ष-किरणांचा शोषण वर्णपट घ्यायचा, आणि त्यासाठी हवा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र. इंदूरचा इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा. निकेलची के-कडा, म्हणजे सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उचलला जाऊन शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा, ८३३३ इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. हे किरण काही मायक्रोमीटर आत शिरतात, त्यामुळे वरच्या ऑक्साइडचा त्रास नगण्य. पण के-कडेला इलेक्ट्रॉन मुख्यतः पी-पातळ्यांत जातो. डी-मधल्या रिकाम्या जागा थेट बघायच्या तर ८५३ च्या आसपासची एल-३ कडा (त्याच्या बाहेरच्या कवचाची) हवी. त्यासाठी मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांची बीमलाइन, म्हणजे सिंक्रोट्रॉनवरचं प्रयोगस्थानक, लागते, आणि इलेक्ट्रॉन मोजून वर्णपट घेतलात तर पृष्ठभागाचं दुखणं परत आलंच.

शेजारच्या अणूंची अंतरंही के-कडेवरूनच काढू म्हणाल, तर जपून. तांब्याची कडा ८९७९ लाच येते, म्हणजे निकेलचा वर्णपट ६४६ इलेक्ट्रॉनव्होल्टनंतर कापला जातो, आणि अंतरं तर कडेपुढच्या लांब भागावरूनच काढायची असतात. शिवाय निकेल-तांबे आवर्तसारणीत शेजारी, त्यामुळे या वर्णपटात दोघांचा ठसा जवळपास सारखाच. शेजारचा अणू कोणता, हे ओळखणं जवळपास अशक्य.

माझं मत स्पष्ट आहे: आधी एक्सपीएस. पुणे-मुंबईतच यंत्रं आहेत, नमुना बिघडला तर पुन्हा नेता येतो. बीमटाइमचा (सिंक्रोट्रॉनवर मोजणीच्या वेळेचा) अर्ज तोवर टाकून ठेवा, आणि पाळी आली की शुद्ध निकेल व शुद्ध तांब्याचे पत्रे सोबत न्या. त्याच दिवशी, त्याच बीमवर मोजलेले ते दोन वर्णपट नसतील तर मिश्रधातूची कडा सरकली की नाही, हे तुम्हाला सांगता येणार नाही.