देवदास २००२ चा की २००९ चा?
बंगाली लेखक शरच्चंद्रांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ ची, तिच्यातला देवदास आजच्या पडद्यावर आणणं सोपं नाहीच. भन्साळींच्या २००२ च्या सिनेमात सगळं भव्य, शाहरुख रडतो तेही देखणं वाटतं, आणि कादंबरीत कधीच न भेटणाऱ्या पारो (देवदासची बालपणीची प्रेयसी) आणि चंद्रमुखी (त्याच्यावर जीव लावणारी तवायफ) इथे चक्क एकत्र नाचतात, गाणं अफाट आहे हो, पण देवदासचा दुबळेपणा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तोच त्या झगमगाटात झाकला जातो. म्हणून मला अनुराग कश्यपचा २००९ चा 'देव डी' जास्त पटतो. अभय देओलचा देव संशयी, हट्टी, हातातलं स्वतःच घालवणारा, आणि पारो लग्न करून पुढे जाते, वर त्याला तोंडावर सुनावते. शेवट बदललाय, देव जगतो, तरी माणूस पुस्तकातलाच वाटतो.