लाल आकड्यांचा ऑल्ड्रिन

चंद्रावर उभ्या बझ ऑल्ड्रिनचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण बहुतेकांनी पाहिलेली असते ती छपाई नाहीतर स्क्रीन. माझी उभी हयात कलर लॅबमध्ये गेली. मला त्याची त्या काळातली, नासानेच काढलेली प्रिंट हवी होती. जुने फोटो विकणाऱ्या परदेशातल्या एका दुकानाकडून ऑनलाइन मागवली. आठ बाय दहा इंच, कस्टम धरून सव्वा लाखाच्या आसपास पडली.

हातात आल्यावर आधी उलटी केली. मागे कागदभर फिक्या अक्षरांत 'अ कोडॅक पेपर', आणि त्यावर जांभळट शाईत नासाचा मजकूर, ह्यूस्टनच्या 'मॅन्ड स्पेसक्राफ्ट सेंटर'च्या नावाने. या केंद्राला जॉन्सन यांचं नाव १९७३ मध्ये मिळालं, त्यामुळे हा मजकूर त्याआधीचा. पुढे पांढऱ्या कडेवर, डावीकडे वर, लाल आकडे: एएस११-४०-५९०३. अपोलो ११ मोहीम, ४० नंबरचं मॅगझिन म्हणजे फिल्मची डबी, ५९०३ ही फ्रेम.

आता चित्र. भिंगाखाली हेल्मेटच्या सोनेरी काचेत फोटो काढणारा आर्मस्ट्राँग उभा दिसतो, मागे त्यांचं चांद्रयान ईगल, बाजूला झेंडा. हॅसलब्लाड कॅमेऱ्यामधल्या काचपट्टीवरच्या बारीक फुल्या अगदी धारदार उतरल्यात. मूळ फ्रेममध्ये ऑल्ड्रिनच्या पाठपिशवीवरच्या अँटेनाचं टोक कापलं गेलं होतं आणि डोक्यावर जागाच उरली नव्हती. नासाने फोटो देताना वर काळं आकाश वाढवलं. माझ्या प्रिंटमध्ये ते वाढवलेलं आकाश आहे. मला ते खटकत नाही, उलट डार्करूममधल्या कुणाचा तरी हात त्यात दिसतो.

रंग? सूटचा पांढरा किंचित पिवळला आहे, काळ्यात मात्र अजून दम आहे. इतक्या वर्षांच्या कलर प्रिंटला याहून जास्त मागू नये. ती उजेडात टांगायची नाही, आम्लमुक्त पाकिटात अंधारात ठेवायची.

एक तक्रार आहेच. पॅकिंग अगदीच तकलादू, पातळ पुठ्ठा. खालचा एक कोपरा दुमडून आला. एवढ्या किमतीच्या मालाला दोन बाजूंनी जाड बोर्ड लावायला काय हरकत होती? पण पैसे भरण्याआधी मागच्या बाजूचे स्वच्छ फोटो न कुरकुरता पाठवले, हे मोठंच. जो विक्रेता पाठ दाखवत नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

पाचपैकी चार. याच दुकानात त्याच मॅगझिनमधल्या ५८८६ या फ्रेमची चौकशी करून ठेवली आहे. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडेच असल्यामुळे तो स्वतः फार थोड्या फोटोंत सापडतो, त्यातला हा एक.