एनडीआयएसचे पैसे: प्लॅन मॅनेजरकडे ठेवावेत की स्वतःच्या हातात?

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, २० तारखेला, केंद्रीय मंत्री मार्क बटलर यांनी कॅनबेराच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये थ्रायव्हिंग किड्सची, म्हणजे काही लहान मुलांना एनडीआयएसच्या बाहेर मदत देणाऱ्या नव्या योजनेची, घोषणा केली होती. त्यामुळे मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्याकडे आरती झाली, मोदक फिरले आणि ज्या चार-पाच घरांत थेरपी चालू असलेलं मूल आहे, ती सगळी मंडळी न ठरवता एका कोपऱ्यात गोळा झाली. प्रश्न एकच: आपलं मूल एनडीआयएसमध्ये, म्हणजे अपंगत्व असलेल्यांच्या थेरपी आणि मदतीचा खर्च देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेत, राहणार की बाहेर जाणार?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याच घोळक्यात ठाण्याच्या एका मित्राने दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यावर मात्र मला बोलता येतं. त्याच्या मुलीचा प्लॅन, म्हणजे तिच्यासाठी मंजूर होणारं बजेट, नव्याने व्हायचा होता आणि पैसे कोण सांभाळणार ते कळवायचं होतं. एनडीआयए (योजना चालवणारी सरकारी संस्था), प्लॅन मॅनेजर (तुमच्या वतीने बिलं भरणारा) की तुम्ही स्वतः (सेल्फ मॅनेज्ड)? आम्ही दोन वर्षं प्लॅन मॅनेजरकडे होतो, आता सेल्फ मॅनेज्ड आहोत. म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय.

एनडीआयएने थेट पैसे द्यायचा पर्याय मी इथे बाजूलाच ठेवतो. त्यात फक्त एनडीआयएसकडे नोंदणी केलेले प्रोव्हायडर, म्हणजे सेवा देणारे, चालतात. आमच्या भागातल्या ज्या दोन थेरपिस्टशी मुलाचं जमलं, त्या दोघीही एकट्या काम करणाऱ्या आणि नोंदणी नसलेल्या. विषय संपला.

आधी प्लॅन मॅनेजरबद्दल चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच आहे. पहिला प्लॅन आला तेव्हा आम्हाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मुलगा साडेतीन वर्षांचा, निदान नुकतं झालेलं, बायको हॉस्पिटलात शिफ्टवर, पुण्याहून आई आलेली आणि रोज विचारणारी, ‘अरे, हा बोलेल ना?’ अशा वेळी बिलं दुसरं कुणीतरी भरतंय याचं मोल पैशात होत नाही. थेरपिस्ट बिल पाठवते, मॅनेजर भरतो, आपण मुलाला घेऊन वेळेवर पोहोचायचं, एवढंच. शिवाय सरकारी कमाल दरापेक्षा एक सेंट जास्त लावला तरी मॅनेजर बिल परत पाठवतो. ही ढाल लहान नाही.

एक गैरसमज मात्र आपल्या लोकांत घट्ट बसलाय, की प्लॅन मॅनेजरची फी मुलाच्या थेरपीतून कापली जाते. तसं नाही. महिन्याचे शंभरेक डॉलर प्लॅनमध्ये त्यासाठी वेगळे दिलेले असतात. मॅनेजर नको म्हटलं म्हणून ते थेरपीला मिळत नाहीत. ‘फी वाचेल’ म्हणून कुणी सेल्फ मॅनेज्ड व्हायला निघालं असेल तर त्याने बसून घ्यावं. आणखी एक: नोंदणी नसलेली, पण मराठी किंवा हिंदी समजणारी थेरपिस्ट हवी असेल तर ती दोन्हीकडे चालते. या मुद्द्यावर दोन्ही पारडी सारखीच.

आता आमचं जिथे अडलं ते.

१९ मे २०२५ पासून जे नवे प्लॅन होतात त्यांत वर्षाचे पैसे एकदम हाती येत नाहीत, ते टप्प्याटप्प्याने खुले होतात. बहुतेकांना तीन-तीन महिन्यांचे टप्पे मिळतात. उरले तर त्याच प्लॅनच्या पुढच्या टप्प्यात जातात, पण कमी पडले तर पुढच्याची उचल मिळत नाही. आमचा प्लॅन त्या हिवाळ्यात (इथला, जून ते ऑगस्ट) बदलला आणि तिमाही सुरू झाली. हिशेब साधा होता. एक आठवडा स्पीच थेरपी, एक आठवडा ओटी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी. दोन्हीचा कमाल दर तेव्हा कित्येक वर्षं तासाला १९३.९९ डॉलरवर थांबलेला होता. तिमाहीचे बारा तास धरले तर २,३२७.८८ डॉलर होतात. वर थोडं शिल्लक. आम्ही निश्चिंत.

नवव्या आठवड्यात क्लिनिकच्या रिसेप्शनवर मुलाने नेहमीप्रमाणे बूट काढून कोपऱ्यात ठेवले. बूट काढले की ‘आत जायचं’ हे त्याला शिकवायला आम्हाला चार महिने लागले होते. आणि रिसेप्शनिस्ट हळू आवाजात म्हणाली की या टप्प्यातले पैसे संपलेत, आजचं सेशन खिशातून द्यायला चालेल का? मी कार्ड पुढे केलं, कारण त्याला ते बूट पुन्हा घालायला लावणं माझ्याच्याने झालं नसतं.

घरी येऊन शोधलं. प्रेपच्या (शाळेच्या पहिल्या वर्षाच्या) शाळेसाठी एक रिपोर्ट लागणार होता. ओटीने तो लिहिला आणि तीन तासांचं बिल लावलं, म्हणजे तीन सेशन. शिवाय ती दोनदा त्याच्या किंडरमध्ये (बालवाडीत) जाऊन आली होती, त्याचा प्रवास वेगळा. यात तिची चूक काहीच नाही. रिपोर्टला वेळ लागतो आणि त्याचे पैसे मागण्याचा तिला हक्क आहे. मॅनेजरचीही म्हणावी तर चूक नाही. त्यांनी मंजुरीचा ईमेल पाठवला होता आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर बिल भरू, असं तळाशी लिहिलं होतं. तो ईमेल बायकोच्या नाइट शिफ्टमध्ये आला आणि वाहून गेला. महिन्याचं स्टेटमेंट आलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं.

आकडे ॲपवर दिसतात, हे कुणीतरी म्हणेलच. दिसतात, पण पैसे गेल्यावर. वर्षाचं बजेट एकत्र होतं तेव्हा ही दिरंगाई कुणाच्या लक्षातही येत नव्हती. तीन महिन्यांच्या टप्प्यात तिने आमचे तीन आठवडे खाल्ले. सगळेच मॅनेजर असे नसतात, काही जण प्रत्येक बिलाला तुमच्या होकाराशिवाय हात लावत नाहीत. आमचा तसा नव्हता, आणि मला त्याला विचारायला हवं हे तोवर सुचलं नव्हतं.

मग आम्ही एनडीआयएला फोन करून व्यवस्थापन बदलून घेतलं. ते कधीही मागता येतं, पुढच्या प्लॅनची वाट बघावी लागत नाही. ते काही प्रश्न विचारतात. दिवाळखोरी वगैरे असेल किंवा पैशाला धोका वाटला तर नाही म्हणू शकतात. आमचं सरळ झालं. बँकेत एक वेगळं खातं उघडलं, ज्यातून दुसरं काहीही जात नाही. हे नक्की करा, घरखर्चात मिसळलं की गेलंच.

आता शनिवारी रात्री जेवणं झाली की वीस मिनिटं. बिल बघायचं, त्यावर एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) आहे का बघायचं, पोर्टलवर क्लेम टाकायचा. पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांत येतात, मग थेरपिस्टला पाठवायचे. बिलं पाच वर्षं जपायची असतात. क्लेमला आता दोन वर्षांची मुदत आहे, ऑक्टोबर २०२४ च्या कायदाबदलानंतर, त्यामुळे ‘करू कधीतरी’ म्हणून खोक्यात टाकण्याचे दिवस गेले. बायको याला माझी वही म्हणते. तिच्या आजोबांचं नाशकात किराणा दुकान होतं, ते पाडव्याला नवी वही पुजायचे. मी एक्सेल पुजत नाही, पण रकाने तसेच आहेत: तारीख, कोण, किती तास, कशासाठी, उरले किती.

त्रास नाही असं कसं म्हणू? पहिल्याच महिन्यात मी एक क्लेम चुकीच्या सदरात टाकला. एकदा एक क्लेम अडकला, बिलाची प्रत मागितली, आठवडा गेला, तोवर पैसे आपल्या खिशातून. दराची ढालही इथे नाही. सेल्फ मॅनेज्डला कमाल दर लागू नसतो, आणि एका क्लिनिकमध्ये ‘सेल्फ मॅनेज्ड का?’ असं गोड विचारून लगेच तासाला २२० सांगितले. मी आभार मानून फोन ठेवला. कुणाला त्या एका खास माणसासाठी जास्त द्यायचे असतील तर देता येतात, पण टप्पा तेवढ्याच लवकर आटतो. आणि न चालणाऱ्या गोष्टीवर खर्च केला तर परतफेड तुमच्या नावावर लागू शकते. काय चालतं आणि काय नाही याची यादी त्याच ऑक्टोबरपासून लेखी आहे. शंका असेल तर घेण्याआधी वाचा. मी पहिल्यांदा नंतर वाचली.

तरीही पारडं माझ्यासाठी झुकलं, आणि ते वहीतल्या ‘कशासाठी’ या रकान्यामुळे. रिपोर्ट लिहायच्या आधीच आता मला विचारणं येतं, कारण पैसे माझ्याकडून यायचेत. ‘तीन तासांचा होईल, चालेल?’ मी म्हणतो, शाळेला दोन पानं पुरतील, दीड तासात होईल का? बहुतेक वेळा होतं. जुलै २०२५ पासून सरकारी दरपत्रकानुसार थेरपिस्टना प्रवासाच्या वेळेचा निम्माच दर लावता येतो. शहरात एका बाजूला जास्तीत जास्त अर्धा तास धरला तर आधी ९७ डॉलर व्हायचे, आता साधारण ४८.५०. ऐकायला आपला फायदा. पण प्रत्यक्षात आमच्या स्पीचवालीने किंडरच्या फेऱ्याच कमी केल्या, तिला परवडेना. बिलं समोर होती म्हणून हे मला पहिल्या पंधरवड्यात कळलं आणि आम्ही दोन घरं मिळून तिला एकाच दिवशी एकाच भागात बोलवायला लागलो. मॅनेजर असता तर हे तीन महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये कळलं असतं, कदाचित कळलंही नसतं.

थ्रायव्हिंग किड्सचा संबंध मला इथेच लागतो. ती योजना आठ वर्षांपर्यंतच्या, विकासात थोडं मागे किंवा ऑटिझम असलेल्या, सौम्य ते मध्यम गरजेच्या मुलांसाठी आहे. मूळ सुरुवात जुलै २०२६ ची होती, ती ऑक्टोबरवर गेली, आणि पूर्ण व्हायला जानेवारी २०२८. ज्यांची गरज मोठी आणि कायमची आहे ती मुलं एनडीआयएसमध्येच राहणार. आमचा मधल्या पट्ट्यातला आहे. पुढच्या फेरतपासणीत समोरची व्यक्ती विचारणार: कशाचा उपयोग झाला? माझ्याकडे वहीतल्या ओळी आहेत. ओटीच्या कुठल्या दहा तासांत तो चमच्याने जेवायला लागला, कुठल्या गटात आठ आठवडे नुसता दाराशी उभा राहिला, ते तारखेसकट. आणि समजा तो बाहेर गेलाच, तर मेडिकेअरवर (सरकारी आरोग्य विम्यावर) जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, प्लॅनमधून वर्षाला पाच अलाइड हेल्थ (स्पीच, ओटी वगैरे) भेटी मिळतात. ऑटिझमसारख्या निदानाला २५ वर्षांखाली आयुष्यभरात मिळून वीस उपचार सेशन मिळतात. वर गॅप, म्हणजे फीमधला फरक, भरावा लागतो तो वेगळा. वीस सेशन म्हणजे आमच्या सध्याच्या वेगाने पाच महिने. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला मला ती वहीच लागणार.

ज्यांचा प्लॅन मोठा आहे, ज्यांच्याकडे सपोर्ट वर्कर, उपकरणं, चार-चार प्रोव्हायडर आहेत, त्यांना मी सगळं अंगावर घ्या असं सांगणार नाही. दोघंही शिफ्टवर असाल तर तर नाहीच. मिश्र करता येतं: थेरपी स्वतःकडे, बाकी मॅनेजरकडे. किंवा मॅनेजरच ठेवा, पण लेखी कळवा की होकाराशिवाय एकही बिल भरायचं नाही, आणि रिपोर्टचा अंदाज आधी हवा. माझं निम्मं दुखणं एवढ्याने थांबलं असतं, हे मान्य. आणि टेम्पररी व्हिसावरची मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एनडीआयएसचं यातलं काही लागू नाही. पीआर किंवा नागरिकत्वाशिवाय सहसा दार उघडत नाही. ते वेगळंच दुखणं आहे.

ठाण्याच्या मित्राने अखेर मॅनेजरच निवडला. ‘अरे, मला ते शनिवार रात्रीचं जमणार नाही,’ म्हणाला. त्याचं बरोबर होतं, त्याच्याकडे जुळी आहेत. पहिला टप्पा संपत आला तेव्हा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट प्रश्न: ‘तो रिपोर्ट तीन तासांचा असतो का रे?’