क्रूझ: जुनी लाडकी कंपनी की निम्म्या भाड्यातली दुसरी?

गेल्या काही महिन्यांत इथे अटलांटात चार ओळखीच्या घरांतून एकच फोन आला. "तुम्ही दोन्हींवर जाऊन आलात ना? खरं सांगा, एवढा फरक पडतो का?" दरवेळी अर्धा तास जातो आणि शेवटी मी "तुमच्यावर आहे" असं गुळमुळीत काहीतरी बोलून फोन ठेवतो. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

जुन्या कंपनीच्या जहाजांवर आम्ही चार वेळा गेलो. मुलं लहान असलेल्या घरांची ती लाडकी कंपनी. दुसरीवर, म्हणजे स्वस्तातल्यावर, दोनदा. नावं मुद्दाम टाळतोय, कारण महाग-स्वस्ताच्या इतर जोड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आमचं घर असं: आम्ही दोघं, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ, आणि सांगलीहून मधूनमधून येणारी माझी आई. आईचं वय चौऱ्याहत्तर. पक्की शाकाहारी, अंडंही नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं इथेच येऊन अडतं.

आधी जे सारखंच आहे ते. घरापासून फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनावेरल बंदरापर्यंत गाडीने आठ तास, बंदरावरच्या पार्किंगचे पैसे तेवढेच, आणि जहाज जातं तेही त्याच पाण्यात. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा आहे. परदेशात नोंदवलेल्या जहाजाने अमेरिकेच्याच दोन बंदरांत प्रवाशांची नुसती ने-आण करायची नाही, मध्ये परदेशी बंदर लागलं पाहिजे. आणि ही मोठी जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदवलेली. त्यामुळे फ्लोरिडातून तीन-चार रात्रींसाठी निघालेलं जहाज कुणाचंही असो, ते बहुतेक बहामाच्या राजधानीला, नासाऊला, किंवा कंपनीच्या बहामातल्या खासगी बेटावर जाऊन परत येतं. सात रात्रींचं त्याहून लांब जातं, पण बऱ्याचदा नासाऊला टेकतंच. नासाऊच्या धक्क्याला एका वेळी सहा जहाजं लागतात, सगळ्यांचे प्रवासी एकाच रस्त्यावर उतरतात आणि त्याच क्वीन्स स्टेअरकेसला जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांनी चुनखडीचा खडक फोडून केलेल्या त्या पायऱ्या तुमचं तिकीट किती डॉलरचं होतं हे विचारत नाहीत. तेव्हा "महाग कंपनी चांगल्या जागी नेते" हा गैरसमज असेल तर तो सोडा.

चहाही सारखाच, म्हणजे दोन्हीकडे वाईट. कोमट पाण्यात बुडवलेली पुडी. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली नेऊ देत नाहीत, आमची एकदा सुरक्षा तपासणीत काढून घेतली आणि उतरताना पावती दाखवून परत मिळाली. घरचं जेवणही वर नेता येत नाही. दुकानातलं बंद पाकीट चालतं, त्यामुळे चिवडा आणि बाकरवडी दरवेळी आमच्याबरोबर बहामा बघून येतात.

आता पैसे. एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत सात रात्री पाच जणांचे जुन्या कंपनीने अकरा हजार डॉलरच्या आसपास सांगितले होते. दुसरीने सहा हजारांच्या आत, तेही दोन केबिन देऊन. सकाळी पाच माणसांना दोन बाथरूम मिळणं ही काय चीज आहे ते एकत्र कुटुंबात वाढलेल्याला सांगायला नको. तेवढ्यावरच मी भाळलो, हे कबूल करतो.

पण जाहिरातीतला आकडा आणि घरी आल्यावर क्रेडिट कार्डावर दिसणारा आकडा यांच्यात अंतर पडतं. भाडं निम्मं झालं म्हणून टिप निम्मी होत नाही. माणशी दिवसाला सोळा डॉलर धरले, आणि ते पोरांनाही लागतात, तर पाच जणांचे सात रात्रींचे ५६० डॉलर झाले. बंदरांचे कर दोन्हीकडे तेच. जुन्या जहाजावर जेवणाबरोबर मुलांना कोक फुकट मिळायचं, इथे त्याचं वेगळं पॅकेज. लहान मुलांचा क्लब रात्री दहानंतर तासाच्या हिशेबाने. मग इंटरनेट, फोटो, आइस्क्रीमचं ते एक वेगळं दुकान. पाच हजारांचा फरक आमच्या हातात पडेपर्यंत साडेतीन हजारांवर आला. तरी साडेतीन हजार म्हणजे सांगलीची दोन-तीन विमान तिकिटं, त्याला कमी लेखत नाही.

मुलांच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, स्वस्तातल्या जहाजावर ती कंटाळतील. उलट झालं. मुलगा दिवसभर चढायच्या भिंतीवर आणि घसरगुंडीवर, फक्त खायला खाली यायचा. मुलीला जुन्या जहाजावरचं वातावरण आता "बाळांचं" वाटतं, असं तिने आम्हाला तोंडावर सांगितलं. दहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर जुन्या कंपनीचा क्लब कितीतरी सरस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथली माणसं मुलांशी खेळतात, नुसती राखण करत नाहीत. बारा ओलांडली की तो फायदा संपतो.

खटकणाऱ्या गोष्टी दुसरीकडे होत्या, पण सोसण्यासारख्या. नाट्यगृहातून जेवणाकडे जायची वाट कॅसिनोतून, आणि कॅसिनोत सिगारेटचा धूर. पोरांना घेऊन नाक दाबून पळायचं. दिवसातून चार वेळा लाउडस्पीकरवर बिंगो. एका दुपारी तर चित्रांचा लिलाव. समुद्राच्या मध्यावर कुणाला चित्र विकत घ्यायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. या सगळ्यासकट मी आनंदाने पुन्हा गेलो असतो.

अडलं ते रात्रीच्या जेवणावर.

जुन्या जहाजावर जेवणाची वेळ ठरलेली असते, पावणेसहा किंवा सव्वाआठ. पहिल्या वेळी मला याचा राग आला होता. सुट्टीवर आलो तरी घंटा वाजली की जेवायचं? पण त्या बेडीबरोबर एक गोष्ट येते. टेबल ठरलेलं, आणि वाढणारे दोघे रोज तेच. आमच्या दोघांपैकी थोरला मडगावचा निघाला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. गोव्या-कोकणातली माणसं बोटीवर कामाला जाणं हे काही नवं नाही, त्याचे वडीलही बोटीवर होते. पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हाला मेनू दिले आणि आईपाशी जाऊन कोकणी हेलाच्या मराठीत विचारलं, "आजी, कांदा-लसूण चालतो ना?" बस. दुसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारायच्या आत तिच्यापुढे वरण, भात, एक भाजी आणि दह्याची वाटी. मेनूत यातलं काहीच नव्हतं. मधे एकादशी आली. आईने आदल्या रात्री जाता जाता उल्लेख केला, मागितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जिऱ्याची बटाट्याची भाजी, दही आणि फळं. दाण्याचं कूट नव्हतं, ते तिने उदार मनाने माफ केलं.

दुसऱ्या जहाजावर आम्ही 'हवं तेव्हा जेवा' ही पद्धत निवडली. निवडली आम्हीच, हे लक्षात ठेवा. ठरलेल्या वेळेचा पर्याय तिथेही होता. मला वाटलं, वा, मोकळीक. ती मोकळीक म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं रांग, रोज नवं टेबल, रोज नवा माणूस. आणि रोज नव्याने तेच पारायण. शाकाहारी. म्हणजे मासाही नाही. अंडंही नाही. सूपमध्ये कोंबडीचं पाणीही नाही. वाढणारी मुलं गोड होती, कष्टाळू होती, पण त्यांच्यावर बरीच टेबलं, आणि आम्ही त्यांच्यासाठी एका रात्रीचे. दुसऱ्या रात्री भाजीचं म्हणून आलेलं सूप आईने दोन चमचे घेतलं. मग माझ्या मनात आलं म्हणून मी विचारलं. वाढणारा मुलगा आत जाऊन आला आणि फार ओशाळून म्हणाला, स्टॉक चिकनचा आहे.

आईने चमचा बशीत ठेवला. चिडली नाही, बोलली नाही. बायकोने पाव पुढे केला तर म्हणाली, "मला भूक नाही." हे वाक्य ज्याने आपल्या आईच्या तोंडून ऐकलंय त्याला त्याचा अर्थ कळतो. उरलेल्या पाच रात्री तिने ते वाक्य जवळच ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर ती उपाशी राहिली नाही. वरच्या बुफेत एक कोपरा रोज भारतीय असायचा. राजमा, छोले, भात, कधी बरी डाळ. माझ्या मते त्या राजम्याला जुन्या जहाजावरच्या वरणापेक्षा चवही जास्त होती. तिसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच ट्रे घेऊन तिथे जेवलो. मुलांना तेच हवं होतं. खिडकीबाहेर समुद्र, तक्रारीला जागा नाही. फक्त सजून जेवायला जायच्या रात्रीसाठी आईने इरकल आणली होती, ती बॅगेत घडी न मोडता परत आली.

नासाऊच्या धक्क्यावर आमच्या शेजारीच जुन्या कंपनीचं जहाज उभं होतं. आई कठड्याशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "ते आपलं जहाज ना रे?" आम्ही पैसे दिलेल्या जहाजाच्या डेकवर उभे राहून.

आता दुसऱ्या कंपनीवर अन्याय नको. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तिच्याच जहाजावर गेलो. आई तेव्हा भारतात होती. या वेळी शहाणा होऊन मी ठरलेली वेळ घेतली, निघण्याच्या दीड महिना आधी आहाराबद्दल ईमेल केली, आणि पहिल्याच रात्री जेवणघरातल्या मुख्य माणसाला गाठून बायकोच्या शाकाहाराचं समजावून सांगितलं. फरक पडला. रोज रात्री तो उद्याचं विचारून जायचा आणि डाळ-भात यायचा. म्हणजे स्वस्तातल्या जहाजावर हे होत नाही असं नाही. तुम्हाला पाठपुरावा करावा लागतो, आणि ईमेलला उत्तर आलं का ते बघावं लागतं. माझी बायको केकमधल्या अंड्याकडे काणाडोळा करते, आई करत नाही, त्यामुळे ही परीक्षा आईच्या तोलाची नव्हती हेही मान्य.

तेव्हा कुणी आता विचारलं तर मी असं सांगेन. घरात मोठी मुलं असतील, सगळ्यांना पिझ्झा चालत असेल, तर निम्म्या भाड्यातली कंपनी घ्या आणि मागे वळून बघू नका. फक्त 'हवं तेव्हा जेवा' घेऊ नका, ईमेल आधी करा, आणि भाड्याच्या आकड्यावर तीस टक्के मनातल्या मनात वाढवून मगच खूश व्हा. पण बरोबर कुणी खाण्याचं पथ्य किंवा नेम पाळणारं वडीलधारं माणूस असेल, आणि ते माणूस स्वतःहून मागणारं नसेल, तर माझा हात जुन्या कंपनीकडे वळतो. कदाचित मडगावचा तो एक माणूस भेटला म्हणून माझं मत असं झालं असेल. चारांपैकी तीन वेळा दुसरेच लोक होते, कुणी फिलिपिन्सचे, कुणी इंडोनेशियाचे. पण दुसऱ्या रात्री न विचारता ताट यायचं ते चारही वेळा.

महागाईवर उपाय एकच सापडला, दिवस कमी करणं. जुन्या जहाजाच्या चार रात्री, आतल्या बाजूच्या बिनखिडकीच्या केबिन, आणि सुट्टीच्या गर्दीचे आठवडे टाळून, असा हिशेब मांडला तर दुसऱ्या कंपनीच्या सात रात्रींएवढे पैसे होतात. खिडकी नसल्याने काही बिघडत नाही, केबिनमध्ये आपण झोपायलाच जातो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग केलंय, जेवण पावणेसहाचं. आईला नऊला झोप येते, तिला तेच बरं. पोरांची शाळा दोन दिवस बुडेल, आणि मुलगी रुसली आहे, कारण तिथे ती मोठी घसरगुंडी नाही.

आईला फोनवर तारखा सांगितल्या. तिने लगेच भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघितलं. "या वेळी एकादशी येत नाही मधे," म्हणाली, जरा नाराजीनेच.