हलका स्नोबोर्ड: दोन सीझन वापरून झाल्यावर लिहितेय

आधी वजन सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. माझा जुना स्नोबोर्ड (दोन्ही पाय अडकवून बर्फावरून घसरायची फळी) १४९ सेंमीचा, वजन ३ किलो ५० ग्रॅम. नवीन पण १४९चाच, वजन २ किलो २५० ग्रॅम. दोन्ही बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) काढून मोजलेत, भारतात जाताना बॅगा तोलायला आपण तो हुकवाला काटा ठेवतो ना, त्यालाच पट्ट्याने बांधून, आणि तीन-तीन वेळा. म्हणजे फरक ८०० ग्रॅमचा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण मला एका कंपनीबद्दल नाही, या प्रकाराबद्दल लिहायचंय. सगळ्या मोठ्या कंपन्या आता असा एकतरी बोर्ड काढतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने तेच असतात.

माझी माहिती थोडक्यात: राहायला डेन्वरला, मूळची कराडची, बर्फावर पहिलं पाऊल वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आता सहा सीझन झाले. वजन ५८ किलो. शनिवारी पहाटे पाचला गाडी काढायची, आय-७० हायवेवर ट्रॅफिक लागायच्या आत डोंगरात पोचायचं, बहुतेक वेळा लव्हलँड नाहीतर ब्रेकेनरिज. पार्कमधल्या उड्या, रेल वगैरे मी करत नाही. झाडांमधून जायला आवडतं आणि सकाळी मोकळ्या उतारावर कार्व्ह करायला, म्हणजे बोर्ड कडेवर कलवून बर्फ कापत वळणं घ्यायला आवडतं.

हलका बोर्ड घ्यायचं कारण माझा डावा गुडघा. स्कीवाल्यांना हे कळत नाही, पण डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये, म्हणजे तारेवरच्या उघड्या पाळण्यात बसताना आपला मागचा पाय सोडलेला असतो आणि अख्खा बोर्ड पुढच्या एका पायाला लटकतो, तोही आडवा, त्यामुळे गुडघ्याला सतत पीळ बसत राहतो. पाय टेकायला दांडी नसेल तर आठ-दहा मिनिटांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू. आणि हे दिवसातून पंधरा वेळा. बोर्ड, दोन्ही बाइंडिंग आणि एक बूट धरून आधी त्या पायाला साडेपाच किलोच्या वर लटकायचं, आता पावणेपाचच्या आसपास लटकतं. कागदावर काहीच वाटत नाही हा फरक, पण दुपारी दोनला गुडघा सांगतो. पहिल्या सीझनला मी घरी येऊन एकदाही शेकायला बसले नाही. या एका गोष्टीसाठी मी या बोर्डाचे मनापासून आभार मानते.

दुसरी मजा झाडांमध्ये. दोन झाडांमधून वाट काढताना शेवटच्या क्षणी बोर्ड फिरवावा लागतो, आणि जुन्या बोर्डाला मी आधी सांगायचे आणि मग तो वळायचा, हा सांगता सांगताच वळतो. याचं कारण नुसतं वजन नाही, वजन कुठे आहे ते. क्रिकेट खेळलेल्यांना लगेच कळेल, बॅट काट्यावर जड असते पण हातात घेतल्यावर हलकी लागते, त्याला आपण पिकअप चांगलाय म्हणतो, सचिन एवढी जड बॅट घेऊन खेळला तो काय नुसत्या मनगटाच्या जोरावर नाही. बोर्डाचंही तसंच. वजन मधे, दोन पायांच्या खाली असेल तर फिरवताना जाणवत नाही, नोज आणि टेलला, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांना असेल तर फार जाणवतं, कारण मध्यापासून अंतर दुप्पट झालं की फिरवायला लागणारा जोर चौपट होतो. म्हणून दुकानात नुसतं किती ग्रॅम विचारू नका, बोर्ड मधे धरून डावीउजवीकडे झटका देऊन बघा, हाताला कळतं.

आत काय असतं तर, साधारण बोर्डात लाकडाचा गाभा असतो, बहुतेक पॉप्लरचा, वरखाली फायबरग्लास. हलक्या बोर्डात पॉलोनिया किंवा बाल्सा जास्त घालतात. पॉप्लरचं एक घनमीटर लाकूड चारशे-साडेचारशे किलो भरतं, पॉलोनियाचं तीनशेच्या आत, बाल्साचं तर दीडशेच्या आसपास. (पॉलोनिया म्हणजे जपानी लोक ज्याला किरी म्हणतात आणि कपड्यांची कपाटं बनवतात तेच झाड.) मऊ लाकडाने गेलेली ताकद भरून काढायला कार्बन फायबरच्या पट्ट्या घालतात, काही ठिकाणी तर लाकूड काढून मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी भरतात, बर्टनने व्हेपर नावाच्या बोर्डात ॲल्युमिनियमची जाळी वापरली होती ती याच कारणासाठी. कार्बनमुळे बोर्ड कडक होतो आणि दाबला की झटकन उसळतो. चांगला चालवणाऱ्याला ही उसळी आवडते, नवख्याला ती पायाखालून फेकते. म्हणून शिकणाऱ्यांनी माझं ऐका आणि पहिला बोर्ड असा घेऊ नका, प्लीज.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. मार्चमधली सकाळ. आदल्या दिवशी दुपारी ऊन पडून बर्फ पाणी पाणी झालेला, रात्री परत गोठलेला, पहाटे बर्फ सपाट करणारं मशीन फिरून गेलं तरी खाली कडक, आणि दहा वाजेपर्यंत लोकांनी त्याची ढेकळं केलेली. जुन्या बोर्डावर मी अशा उतारावर बिनधास्त जायचे. नव्यावर पहिल्याच लांब वळणावर एज (बोर्डाच्या कडेची पोलादी धार) लावली आणि पायाखाली टररर सुरू झालं. नोज थरथरतेय, ती थरथर नडगीतून गुडघ्यात, डोळ्यासमोरचं चित्र हलतंय, आणि एज एक क्षण धरते, एक क्षण सुटते, परत धरते. माझं काहीतरी चुकतंय असं वाटून मी दाब वाढवला तर अजून वाढलं.

लहानपणी कराड-पाटण एसटीने प्रवास केलाय म्हणून मला हे पटकन समजलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर भरलेली एसटी कशी दमाने जाते, खड्डा आला की दबते आणि पुढे सरकते, आणि तीच एसटी रिकामी असली की पत्रा न् पत्रा वाजतो, मागच्या सीटवरचा माणूस उडून टपाला लागायची वेळ येते. रस्ता तोच, स्प्रिंग त्याच, आत वजन नाही एवढंच. हलका बोर्ड म्हणजे रिकामी एसटी. ढेकूळ आलं की जड बोर्ड त्याला फोडून जातो, हलका त्याच्यावरून उडतो. शिवाय पॉप्लर, जाड फायबरग्लास, एजजवळचे रबराचे थर यांनी थरथर आतल्या आत मुरते, आणि वजन कमी करताना नेमकं हेच कमी केलेलं असतं. काही कंपन्या आता थरथर मुरवायला वेगळे थर घालतात आणि त्याने फरक पडतो हे मी मित्राच्या बोर्डावर अनुभवलंय, पण ते थर घातले की वजन परत वाढतंच.

मग काय करायचं? मी वेग कमी केला, वळणं छोटी केली, गुडघे जास्त वाकवले. चालतं. पण सकाळी मोठं, लांब, एका रेषेत कापलेलं वळण घ्यायला मी डोंगरात जाते आणि ते या बोर्डावर कडक बर्फात मिळत नाही, हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

एक गैरसमज मात्र दूर करते. हलका बोर्ड पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) जास्त तरंगतो असं बरेच जण ठामपणे सांगतात. हिशोब करा, मी, कपडे, हेल्मेट, बूट, बोर्ड धरून ६७-६८ किलो भरतं, त्यात ८०० ग्रॅम म्हणजे सव्वा टक्काही नाही. तेवढं तर मी पाण्याची बाटली गाडीत विसरले तरी कमी होतं. तरंगणं ठरतं बोर्डाच्या रुंदीवर, लांबीवर, नोजच्या आकारावर आणि बाइंडिंग किती मागे लावलीत त्यावर. पावडरमध्ये हलका बोर्ड छान वाटतो तो वळवायला सोपा म्हणून.

टिकाऊपणा. सीझनच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, आणि मी न दिसलेल्या एका दगडावरून गेले. आवाजावरूनच कळलं. उलटा करून बघितलं तर बेस (बोर्डाचा खालचा, बर्फावर घसरणारा थर) फाटून आतलं लाकूड दिसतंय, माझ्या करंगळीएवढी खोक, एजच्या अगदी जवळ. असा बोर्ड तसाच चालवायचा नाही, लाकूड पाणी पितं आणि फुगतं, त्यामुळे तिथेच थांबले. दुरुस्तीवाल्याने नुसतं पी-टेक्स (बेसचं प्लास्टिक) वितळवून न भरता तुकडा कापून ठिगळ बसवलं, ७० डॉलर. पण त्याने एक गोष्ट दाखवली ती लक्षात राहिली, माझे दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून एजची जाडी दाखवली. हलक्याची एज आणि बेस दोन्ही पातळ. म्हणजे धार लावायला आणि मशीनवर घासायला माल कमी, जुना बोर्ड जितक्या वेळा घासून घेता येईल तितक्या वेळा हा नाही. टॉपशीटचेही (वरच्या थराचे) कडेला टवके निघालेत, लिफ्टच्या रांगेत कोणाचीतरी स्की घासली की निघतो एक. सगळ्याच हलक्या मॉडेलना हे लागू नसेल, पण घ्यायच्या आधी एज शेजारी ठेवून बघाच.

किंमत: साधा चांगला बोर्ड ४५० ते ६०० डॉलरला येतो, हलक्यांचे भाव ८००च्या पुढे सुरू. मी एप्रिलच्या सेलमध्ये ६४०ला घेतला, पूर्ण भावाने घेतला नसता. आणि मला आता वाटतं की गुडघ्यासाठीच घ्यायचं होतं तर आधी बूट आणि बाइंडिंग तोलायला हवे होते. माझे बूट जोडी १ किलो ९००, बाइंडिंग जोडी १ किलो ६००, म्हणजे दोन्ही मिळून बोर्डापेक्षा जास्त! तिथे पाच-सहाशे ग्रॅम कमी झाले असते तर बोर्डाची थरथर विकत न घेता बराचसा फायदा मिळाला असता. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही म्हणून इथे लिहितेय.

तर कोणी घ्यावा? जे पायी वर चढून जातात त्यांनी डोळे झाकून. ब्रेकेनरिजला इंपीरियल एक्सप्रेस लिफ्ट १२,८४० फुटांवर सोडते, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर, आणि तिथून अजून वर माथ्यापर्यंत चालत जायचं असतं, बोर्ड पाठीला नाहीतर काखेत. त्या हवेत दहा पावलं टाकली की थांबावं लागतं, वारा बोर्डाला शिडासारखा ढकलतो, आणि तिथे ८०० ग्रॅम म्हणजे खरंच ८०० ग्रॅम असतात. स्प्लिटबोर्डवाल्यांना (मधून उभा दोन भागांत सोडून, पायाला लावून वर चढायचा बोर्ड) तर सांगायलाच नको, त्यांचं प्रत्येक पाऊल ते वजन उचलून टाकलेलं असतं. ज्यांच्या गुडघ्याला, कमरेला त्रास आहे त्यांनी, आणि अंगाने बारीक असलेल्यांनीही विचार करावा.

पुण्याहून एका मैत्रिणीने गुलमर्गसाठी घेऊ का विचारलं. तिथे गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटला, वर बहुतेक सगळा उतार मशीन न फिरवलेला, मऊ बर्फ पडलेला असेल तर हलक्याची मजाच मजा. पण हिवाळ्यात एकच आठवडा जाणार असशील, खाली दगड कुठे आहेत माहीत नसणार, आणि बोर्ड एकच असणार, तर मधल्या वजनाचा घे असं मी तिला सांगितलं. विमानाच्या २३ किलोत ८०० ग्रॅम वाचतात हे खरं, पण तेवढ्यासाठी नको.

जुना बोर्ड मी विकणार होते, फोटोसुद्धा काढले होते. ठेवला. आता शुक्रवारी रात्री हवामान बघते, नवीन बर्फ पडणार असेल तर हलका, दुपारी वितळून रात्री गोठलेला असेल तर जुना. उद्या आठ इंच सांगितलाय. हलक्याला मेण लावून झालंय, त्या ठिगळावर बोट फिरवून बघितलं, कुठे उचललेलं नाहीये.